दोनदा मुखरू, एकदा रामाजी

दिव्यानीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झाला ते साल दोन हजार बावीस. मे महिना होता. मांडवाखाली भाड्याचा कूलर लावला होता आणि कूलरपुढे बसायचा मान वरपक्षाचा, म्हणून निकुऱ्यांच्या घरची झाडून सगळी माणसं भिंतीला टेकून घाम पुसत होती. पण साल लक्षात राहायचं कारण कूलर नाही. त्या दुपारी, पाहुण्यांच्या हातात पोह्यांच्या बशा असताना, दिव्यानीचा आजा रामाजी निकुरे याच्या अकरा वर्षांच्या मोठेपणाला तडा गेला.

मोठेपण असं की रामाजीच्या नावाचा एक खेकडा होता.

ही थट्टा नव्हे. दोन हजार अकरा साली नागपूरच्या देशकर मॅडम बरण्या, चिमटे आणि दोन विद्यार्थी घेऊन आरमोरीकडे आल्या होत्या. गावची बोडी, म्हणजे धानाला पाणी द्यायचा लहान तलाव, रामाजीच्या शेताला लागून आहे. मॅडमना खेकडे पाहिजे होते आणि रामाजीला खेकड्यांची बिळं तोंडपाठ होती, कारण ते दरवर्षी त्याच्या धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, भोकं पाडत आणि त्याच्या धानाचं पाणी शेजारच्या वारलूच्या शेतात जाई. दुश्मनाचा पत्ता माणसाला नीट माहीत असतो. तीन दिवस तो मॅडमसोबत गुडघाभर चिखलात हिंडला. काही महिन्यांनी टपालानं इंग्रजी छापलेले कागद आले. पिवळ्या पट्ट्याच्या नांगीचा हा खेकडा जगाला नवा होता आणि मॅडमनी त्याचं नाव ठेवलं होतं: पंकोटेल्फुसा रामाजीआय. पहिला शब्द कुळाचा, दुसरा जातीचा. रामाजीआय म्हणजे रामाजीचा.

रामाजीनं तो कागद लॅमिनेट करून देवाच्या शेजारी टांगला. यात त्याची चूक नव्हती. सातबाऱ्यावर त्याचं नाव चार भावांत शेवटी. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून बायको सुगंधाबाई. घरावरच्या मीटरवर अजून वारलेल्या बापाचं नाव. त्याचं एकट्याचं असं नाव छापलेलं जगात एकच ठिकाण होतं आणि त्याला दहा पाय होते.

गावानं या मोठेपणाचा मान आपल्या पद्धतीनं राखला. सुकलूनं एकदा पानठेल्यावर जाहीर केलं, "काल आमच्या घरी रामाजीभाऊचा रस्सा होता. थोडा खारट झाला." रामाजी त्याच्याशी चार दिवस बोलला नाही. स्वतः मात्र त्यानं खेकडा खाणं सोडलं. बिळं बुजवणंही सोडलं. आपल्याच नावाच्या प्राण्याच्या दारात माती कोंबायची कशी? परिणामी धुऱ्याची चाळणी झाली आणि वारलूचं धान रामाजीच्या पाण्यावर दरसाल चांगलं येऊ लागलं. शास्त्राबद्दल गावात सर्वांत जास्त आदर वारलूला होता.

तर साक्षगंधाच्या दिवशी रामाजीनं व्याह्यांना कागद दाखवायला घेतला. व्याही म्हणजे होणारा नातजावई निकेश याचे आजोबा, मुखरू भोयर. धानोऱ्याकडच्या गावाचे, वाळलेल्या बांबूसारखे सरळ, बोलायला कमी. त्यांनी कागद ऐकून घेतला, पोहे संपवले, बशी खाली ठेवली, मिशीत अडकलेला पोहा काढला आणि म्हणाले, "माह्याबी नावाचा एक आहे."

"काय आहे?"

"केकडाच. काळ्या पाठीचा. कलकत्त्याचे एक साहेब आले होते. दोन हजार नऊ साली."

निकेशच्या मामानं विचारलं, "म्हणजे तुमचा मोठा का?" आणि सुगंधाबाईनं घाईघाईनं लाडूचं ताट पुढे केलं.

त्या संध्याकाळी रामाजीनं ठरवलं की बोडीवर बोर्ड लावायचा. लग्नाला व्याही येतील तेव्हा रस्त्यावरूनच दिसला पाहिजे. मुखरूभाऊंच्या बोडीवर बोर्ड नाही, ही माहिती त्यानं निकेशकडून आधीच काढली होती.

बोर्ड म्हणजे किती काम? एक पत्रा, दोन बांबू, थोडा रंग. आरमोरीत बाबूभाई पेंटर होता. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या मागची वाक्यं, निवडणुकीच्या भिंती, सगळं तोच रंगवी. त्याची धाकटी मुलगी निशात गडचिरोलीला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होती. तिनं कागद वाचला आणि पहिली अडचण काढली.

"अब्बा, ही नावं तिरपी लिहावी लागतात. तसा रिवाज आहे."

बाबूभाईनं ब्रश खाली ठेवला. "चाळीस साल झाले, मी अक्षर सरळ काढून राह्यलो. एक दुकानदार नाई बोलला का बाबूभाई, तुमचं अक्षर पडते. आता या उमरमध्ये तिरपं काढू?"

"शास्त्र आहे ना ते," रामाजी म्हणाला.

"शास्त्र आहे त मंग काढतो. पण खाली माहं नाव नाई लिहिणार."

बोर्ड झाला, बोडीच्या पाळीवर उभा राहिला आणि दुसऱ्या दिवशी वारलू धावत आला. "भाऊ, तुमचा बोर्ड वाकडा बसला होता. मी सरळ करून देल्लो." वारलूनं एका बांबूखाली दगड सारून अक्षरं अगदी उभी केली होती. त्यासाठी पत्रा एका बाजूला इतका कलला होता की त्यावर बसलेली बगळ्याची जोडी सारखी घसरत होती. रामाजीनं दगड काढला. तिसऱ्या दिवशी सुकलूनं पुन्हा लावला. गावातल्या प्रत्येक भल्या माणसाला रामाजीचा बोर्ड सरळ करावासा वाटे.

आठव्या दिवशी ग्रामसेवकाचं बोलावणं आलं. ग्रामसेवक तरुण होता, नियमाचा पक्का होता आणि त्याच्या टेबलाला एक पाय कमी असल्यामुळे तिथं तो स्वतःचा गुडघा लावून बसे.

"बोडी कोणाची?" त्यानं विचारलं.

"ग्रामपंचायतीची."

"म्हणजे सार्वजनिक मालमत्ता. तिच्यावर जिवंत माणसाच्या नावाचा फलक लावता येत नाही."

"अजी साहेब, नाव माहं नाई, केकड्याचं आहे."

"केकड्याचं नाव काय?"

"रामाजीआय."

"तुमचं?"

"रामाजी."

ग्रामसेवकानं गुडघा हलवला, टेबल कललं. "बघा, मी तुमच्या विरोधात नाही. अर्जाचा नमुना आहे. त्यात रकाना आहे, ज्याच्या नावे फलक आहे त्याच्या मृत्यूचा दिनांक. तो भरून आणा, लगेच परवानगी देतो."

रामाजी दुखावून घरी आला. शेजारपाजाऱ्यांनी सल्ले दिले. सुकलू म्हणाला, जंगल खात्यातून लिहून आणा की हा वन्यप्राणी आहे, मग ग्रामपंचायतीचं काही चालत नाही. जंगलच्या कचेरीतल्या बाबूनं विचारलं, "पाण्यात राहतो ना? मग मासळीवाल्यांकडे जा." मासळीच्या कचेरीत सांगितलं, "हा धुऱ्यावर बीळ करून राहतो ना? मग तो आमचा कसा?" रामाजीचा खेकडा पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे राहत असल्यामुळे त्याला कुठंच आसरा नव्हता. बोर्ड गोठ्यात गेला आणि म्हशीनं त्यावर अंग घासून 'पंको' एवढा भाग पुसून टाकला.

आता मधली एक गोष्ट सांगायला पाहिजे. ती त्या वेळी रामाजीला माहीत नव्हती.

आषाढ लागला. श्रावणात कोणी मांस-मासळी खात नाही, म्हणून त्याआधी आखाडीत सगळे खाऊन घेतात. सोयरिक नवी होती. नव्या सोयऱ्यांकडे या दिवसांत काहीतरी चांगलंचुंगलं धाडायची पद्धत. निकेश दिव्यानीला मोबाईल द्यायच्या निमित्तानं आला होता, तेव्हा सुगंधाबाईनं पितळी गुंड ओल्या गवतानं भरला, त्यात बोडीतले पंचवीस-तीस मोठे जिवंत खेकडे घातले, तोंडाला फडकं बांधलं आणि म्हणाली, "इवाईबुवाले सांग, रस्सा पातळ करजा. घट्ट केला त याची चव जाते." इवाई म्हणजे व्याही. नवऱ्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं गुंडाला कुलूप लावलं असतं.

पंधरा दिवसांनी गुंड परत आला. भांडं कोणी रिकामं परत करत नाही. मुखरूभाऊंच्या घरून गुंडात त्यांच्याकडचे काळ्या पाठीचे खेकडे आले. सुगंधाबाईनं चूल पेटवली, पाटा काढला, मसाला वाटला. आणि पहिला खेकडा हातात धरला तेव्हा तिच्या मनात आलं, हा तर इवाईच्या नावाचा. नातीच्या सासरच्या म्हाताऱ्याच्या नावाचा जीव आपण कापायचा? लग्नाआधी? ती उठली, गुंड डोक्यावर घेतला, बोडीवर गेली आणि सगळे पाण्यात सोडून आली. त्या दिवशी घरच्यांनी खेकड्याच्या मसाल्यात बटाटे खाल्ले.

झालं. कोणाला काही कळलं नाही. आखाडी संपली, श्रावण गेला, धान पोटऱ्यात आलं.

ऑक्टोबरात देशकर मॅडम पुन्हा आल्या. आता त्यांचे केस पांढरे झाले होते. मुखरूभाऊंचा खेकडा आणि रामाजीचा खेकडा खरोखर वेगळे आहेत का, अशी शंका शास्त्रवाल्यांत निघाली होती. मॅडम दोन्ही बोड्यांतले खेकडे नव्यानं तपासणार होत्या. सोबत निशात होती, बाबूभाईची.

"माहा वेगळाच आहे, मॅडम," रामाजी म्हणाला. "पाहून घ्या. पिवळा पट्टा."

मॅडमनी पाहून घेतलं. जानेवारीत निशात स्कूटीवर आली. लग्न एप्रिलात होतं आणि रामाजी अंगणात पत्रिकांवर हळद-कुंकू लावत होता. ती खाटेवर बसली, पाणी प्याली, पुन्हा पाणी मागितलं. तेव्हाच सुगंधाबाई ओळखून चुकली की बातमी बरी नाही.

"काका, तुमच्या बोडीत पिवळ्या पट्ट्याचे सापडले, काळ्या पाठीचेबी सापडले. धानोऱ्याच्या बोडीतबी दोन्ही. म्हणजे रंगाचा फरक काही खरा फरक नाही. एका घरातली पोरं जशी एक गोरं, एक सावळं, तसं. दोन्ही एकच जात निघाली."

"बरं मंग?"

"मग एका जातीला एकच नाव राहते. जे पहिले छापलं ते. त्यांचं नऊचं आहे, तुमचं अकराचं."

रामाजीनं हातातली पत्रिका खाली ठेवली. "माहं कुठी जाते?"

"यादीत राहते, काका. जुनं नाव म्हणून. फक्त कोणी वापरत नाही."

"पण मी कोणता गुन्हा केला?"

"गुन्हा नाही. तारीख."

"त्याइचा केकडा माह्यापेक्षा मोठा आहे का? चांगला आहे का?"

"ते पाहतच नाहीत. चांगलं नाव, वाईट नाव, माणूस मोठा का लहान, कोणाला राग येते का, काही नाही. फक्त आधी कोण."

रामाजीनं दारातून आतल्या भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. चाळिशी उलटल्यावर साक्षरतेच्या वर्गात तो पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहायला शिकला होता, आणि तेव्हा 'रा'चा काना त्याच्याकडून इतका लांब गेला होता की बाई म्हणाल्या होत्या, भाऊ, पाटी संपली. आता ती पाटी कोणीतरी पुसून राह्यलं असं त्याला वाटलं. तेही कोण, तर व्याही. त्यांच्यासमोर मुलीकडच्यांनी आधीच मान खाली घालायची.

"असं होतच नाई," तो एकदम म्हणाला. "मी साठ वर्षांपासून त्या बोडीत उतरून राह्यलो. काळ्या पाठीचा एक नाई पाहिला कधी. इतके आले कुठून?"

चुलीपाशी काहीतरी पडल्याचा आवाज झाला. सुगंधाबाई पदरानं तोंड झाकून उभी होती.

"मी सोडले," ती म्हणाली.

मग गुंडाची सगळी गोष्ट बाहेर आली. रामाजीला आधी राग आला, मग हसू आलं, मग एकदम तो उठून उभा राहिला. "म्हणजे माह्या बोडीतले काळे इवाईचे! अन् त्याइच्या बोडीतले पिवळे?"

"ते मले काय माहीत? त्याइनं त खाल्ले असतील."

"खाल्ले असते त मॅडमले सापडले कसे?"

निशातनं कपाळाला हात लावला. "काकू, तुम्ही दोघा घरांनी मिळून आमचं चार महिन्यांचं काम रश्शात घातलं." मग तिनं सरळ सांगितलं: खेकडे माणसांनी हलवले हे सिद्ध झालं, तर हा निकाल टिकत नाही. पण धानोऱ्याकडचं कोण सांगणार? सांगायचं मुखरूभाऊंनी. आणि ते काऊन सांगतील? ते गप्प राहिले तर जात त्यांच्या एकट्याच्या नावावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामाजी धानोऱ्याला निघाला. पुरावा म्हणून गुंडात बारा काळ्या पाठीचे खेकडे घेतले, ज्याचे त्याला परत करावे म्हणून. बसमध्ये कंडक्टर गुंडापाशी थांबला.

"यात काय आहे, बाबा?"

"इवाई."

कंडक्टरनं फडकं उचललं आणि लगेच ठेवलं. "कोंबडी असती तर काय करायचं ते मला माहीत आहे. याचं काय करू?" त्यानं मागच्या सीटवरच्या मास्तरला विचारलं, मास्तरनं शेजारच्या बाईला विचारलं, आणि सगळी बस खेकड्याच्या तिकिटावर बोलू लागली. तेवढ्यात एक खड्डा आला. गुंड आडवा झाला. पुढची पाच मिनिटं त्या बसमधल्या एकाही प्रवाशाचा पाय जमिनीवर नव्हता. रामाजी सीटखाली आडवा पडून एकेक खेकडा मागून धरत होता आणि म्हणत होता, "घाबरू नका जी, सोयऱ्याचे आहेत." अकरा सापडले. बारावा गडचिरोलीच्या स्टँडवर मास्तरच्या पिशवीतून उतरून आपल्या वाटेनं गेला.

मुखरूभाऊ ओसरीवर दोर वळत बसले होते. त्यांनी व्याह्याच्या सदऱ्याला लागलेला बसमधला काळा डाग पाहिला, गुंड पाहिला, पण विचारलं काही नाही. पाणी आलं, चहा आला. रामाजीनं सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "इवाईबुवा, आमच्या घरून आले ते केकडे तुम्ही... खाल्ले का?"

मुखरूभाऊंनी दोराला दोन पीळ दिले. ही वेळ कठीण होती. 'खाल्ले' एवढा एक शब्द म्हटला असता तर काम संपलं असतं, आणि खाल्ले म्हणण्यात पापही नव्हतं, कारण पाठवले खायलाच होते.

"कसे खाऊ?" ते म्हणाले. "पोरीच्या आजाच्या नावाचा जीव. सून म्हणे, शिजवते. मी म्हटलो, ठेव ते भांडं. बोडीत नेऊन सोडले."

"हे लिहून द्याल?"

"काऊन नाई देणार?"

"तुमचं एकट्याचं नाव राहून राह्यलं होतं."

मुखरूभाऊ पहिल्यांदाच हसले. "मी त्या नावाचं करतो काय? इथी त मले सारे डोमाचा पोरगा म्हणते."

लिहून दिलं. निशातनं कागद नागपूरला पाठवला आणि मॅडमनी बोड्या सोडून जुन्या बरण्या काढल्या. निशातनं समजावलं की नाव खरं तर बोडीतल्या खेकड्याचं नसतंच. पहिल्यांदा पकडून बरणीत ठेवलेल्या त्या एका खेकड्याला ते बांधलेलं असतं. नऊ सालचा एक, अकरा सालचा एक. ते दोघं कोणाच्या गुंडात बसले नव्हते. मॅडमनी त्या दोघांचं मोजमाप घेतलं आणि मधल्या गावांतल्या बोड्याही धुंडाळल्या.

निकाल लग्नाच्या चार दिवस आधी आला. जात एकच. पण धानोऱ्याकडचा आणि आरमोरीकडचा या तिच्या दोन वेगळ्या उपजाती. म्हणजे रामाजीचं नाव राहिलं.

"राहिलं!" रामाजीनं वारलूला मिठी मारली. वारलूलाही आनंद झाला. धुऱ्याची भोकं आता कायमची झाली.

"फक्त पायरी एक खाली आली, काका," निशात म्हणाली. "तारीख तुमची अकराचीच राहते. पण आता नाव तीन शब्दांचं." तिनं कागदावर तिरप्या अक्षरांत लिहिलं: पंकोटेल्फुसा मुखरुआय रामाजीआय.

रामाजीनं बोट ठेवून वाचलं. "हे मधात इवाई कोठून आले?"

"जात त्यांच्या नावाची ना. आधी जात, मग उपजात."

"म्हणजे मी त्याइच्या मागं."

"हो."

"बरं. पोरगी देल्ली, मागं त बसाच लागते. त्याइच्या केकड्याचं नाव काय मंग?"

निशातनं कागद पुन्हा पुढे ओढला. "जातीचे भाग पाडले की पहिल्या भागाला तेच नाव पुन्हा लागते. आपोआप. नियमच आहे."

"पुन्हा म्हणजे?"

"पंकोटेल्फुसा मुखरुआय मुखरुआय."

रामाजी खाटेवर बसला. "दोनदा?"

"दोनदा."

"त्याइचं दोनदा. माह्या नावात एकदा. म्हणजे दोन केकड्याइत मुखरू तीनदा अन् रामाजी एकदा!"

लग्नात तो कोणाशी बोलला नाही. तांदूळ टाकले तेही जरा जोरानं टाकले. जेवणाच्या पंगतीत मुखरूभाऊ त्याच्या शेजारी येऊन बसले. त्यांना निकेशनं सगळं सांगितलं होतं. त्यांनी भात कालवला आणि हळूच म्हणाले, "इवाईबुवा, मले दोन दोन काय करायचे? एक तुम्ही घ्या."

रामाजीनं समोर वाढत असलेल्या निशातकडे पाहिलं. ती म्हणाली, "नाही देता येत, काका. नियमात नाही बसत."

"पाहा," मुखरूभाऊ म्हणाले. "देतो म्हटलं त देता येत नाई. मंग त्यात मोठेपणा कोणता?" आणि आपल्या ताटातला एक बुंदीचा लाडू उचलून त्यांनी रामाजीच्या ताटात ठेवला. "हा त घेता येते ना?"

तिथून त्या दोघांचं जमलं. गुंड जात-येत राहिला, पण आता त्यात मोहफुलं असत, कधी पापड, कधी दिव्यानीच्या मुलीची लहान झालेली झबली. खेकडे पाठवायला निशातनं दोन्ही घरांना सक्त मनाई केली होती. मुखरूभाऊ पावसाळ्यात यायचे आणि दोन म्हातारे बोडीच्या पाळीवर बसून काळ्या पाठीचे उरलेले खेकडे वेगळे काढायचे. दिवसाला एखादा सापडे. "हा माहा," मुखरूभाऊ म्हणायचे. "नाई जी, पट्टा पाहा, माहा," रामाजी म्हणायचा. खेकडा दोघांनाही चावायचा.

मुखरूभाऊ गेले त्यानंतर महिनाभरानं रामाजी ग्रामपंचायतीत गेला. ग्रामसेवक तोच होता. टेबलाला आता वीट लावली होती.

"बोर्डाचा अर्ज द्या, साहेब. तो रकान्याचा."

"दिनांक आणला?"

"आणला." रामाजीनं खाली बसून आपल्या हातानं भरला. नाव लिहायला त्याला वेळ लागला, काना पुन्हा लांब गेला. ग्रामसेवकानं वाचलं आणि मान वर केली. "भाऊ, हे तर तुमच्या व्याह्यांचं नाव. बोडी तुमच्या गावची."

"केकड्याच्या नावात पहिले तेच आहेत. पहिले त्याइचं लिहू द्या."

"आणि तिसरा शब्द? तो तर तुमचा. तुम्ही अजून..."

"त्याची जागा सोडा. मी काही पळून नाई राह्यलो."

बाबूभाईनं जुन्या पत्र्यावरून म्हशीचे डाग घासले आणि नव्यानं लिहिलं. पंकोटेल्फुसा मुखरुआय, आणि पुढे हातभर कोरी जागा. तिरपं लिहिलं. वारलूनं दगड लावला नाही. सुकलू येता-जाता विचारी, "भाऊ, केव्हा भरून राह्यले जागा?" आणि रामाजी म्हणे, "तुले काऊन घाई आहे? रश्शाले मीठ कमी पडून राह्यलं का?"

ती जागाही आता भरली आहे. बाबूभाईचा हात थरथरतो, म्हणून तिसरा शब्द निशातनं लिहिला. 'रा'चा काना तिनं जरा लांब सोडला. अर्जाचे दोन्ही कागद ग्रामपंचायतीच्या फायलीत एकाखाली एक लावलेले आहेत. मुखरू डोमाजी भोयर ९ जानेवारी २०२५ रोजी वारले. रामाजी लटारू निकुरे १७ नोव्हेंबर २०२५ रोजी वारले.